साखळीतील खातेवही : खेळण्यातील एका चलनाची घडण

हिशेबाची वही ही मानवी व्यवहारांतील विश्वासाची फार जुनी साक्षीदार होय. पेढीवरील मुनीम दिवसअखेर रोजकीर्दीची बेरीज मांडतो, उरलेली रक्कम दुसऱ्या दिवसाच्या पानावर ‘श्री शिल्लक’ म्हणून पुढे ओढतो आणि मगच नव्या दिवसाचा जमाखर्च लिहू लागतो. या साध्या रिवाजात एक मोठी सोय दडलेली आहे. मधल्या एखाद्या पानावरील आकडा कोणी मागाहून बदलला, तर त्या पानाची अखेरची शिल्लक आणि पुढील पानाची आरंभीची शिल्लक यांचा मेळ बसत नाही. लबाडी झाकावयाची तर त्यापुढील प्रत्येक पान नव्याने लिहून काढावे लागते. वही जितकी जुनी, तितके हे काम अवघड.

‘ब्लॉकचेन’ या नावाने ज्या तंत्राचा सर्वत्र बोलबाला झाला, त्याचे बीज या मेळ घालण्याच्या रिवाजातच आहे. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावाने नऊ पानांचा एक निबंध प्रसृत झाला आणि ३ जानेवारी २००९ रोजी ‘बिटकॉइन’ या चलनाचा पहिला ब्लॉक सिद्ध झाला. तथापि नोंदींची साखळी गुंफण्याची कल्पना त्याहून जुनी आहे. स्टुअर्ट हेबर व स्कॉट स्टॉर्नेटा या दोन अमेरिकी संशोधकांनी १९९१ मध्ये, संगणकीय दस्तऐवजाची तारीख मागाहून बदलता येऊ नये म्हणून अशीच साखळी सुचविली होती. पुढे त्यांच्या कंपनीने अशा नोंदींचा सारांशरूप आकडा ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या छोट्या जाहिरातींत दर आठवड्यास छापण्याचा प्रघात ठेवला. लाखो घरांत गेलेले वृत्तपत्र कोण बदलणार, असा त्यामागील सरळ हिशेब होता.

या विषयाभोवती आज गूढतेचे एक वलय निर्माण झाले असून त्याचा लाभ अभ्यासकांपेक्षा ठकसेनांनीच अधिक उठविला आहे. ‘नवे नाणे’ या शब्दाला भुलून अनेकांनी आयुष्यभराची पुंजी गमाविली. वस्तुतः असे एक नाणे, अर्थात खेळण्यातले, शालान्त परीक्षेपर्यंतचे गणित आणि संगणकाची जुजबी ओळख असलेल्या कोणासही एका दुपारी घडविता येते. ते एकदा स्वतः घडवून पाहिले म्हणजे खऱ्याखोट्याची पारख करण्याचे साधन हाती येते. प्रस्तुत पाठात तेच करावयाचे आहे. त्यासाठी ‘पायथन’ ही १९९१ पासून प्रचारात असलेली, विनामूल्य मिळणारी व वाचण्यास सुबोध अशी संगणक-भाषा उपयोगात आणली आहे. तिचे डेफ, इफ, फॉर, व्हाइल, रिटर्न असे मोजके शब्द रोमन लिपीत लिहावे लागतात. मात्र चलांची व फंक्शनांची नावे देवनागरीतही देता येतात, ही सोय आपल्याकडे फारशी कोणी वापरीत नाही. नाण्याचे नाव ‘कवडी’. पूर्वी कवडी हे खरोखरीचे सुटे चलन होते आणि आज तिचे मोल काय, हे भाषेनेच सांगून ठेवले आहे.

मजकुराचा ठसा

प्रथम ज्या साधनावर हा सारा डोलारा उभा आहे ते पाहू. कोणताही मजकूर, मग तो एक अक्षर असो वा एक ग्रंथ, ठरावीक गणिती प्रक्रियेतून नेला असता त्यापासून ठरावीक लांबीचा एक आकडा निघतो. यास इंग्रजीत ‘हॅश’ म्हणतात; येथे ‘ठसा’ हा शब्द योजला आहे. ‘शा-२५६’ ही अशीच एक प्रक्रिया असून अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने ती २००२ मध्ये मानक म्हणून जाहीर केली. तिचा ठसा २५६ द्विमान अंकांचा, म्हणजेच षोडशमान पद्धतीने लिहिल्यास ६४ चिन्हांचा असतो. त्या पद्धतीत शून्य ते नऊ हे अंक आणि पुढे सहा रोमन अक्षरे मिळून सोळा चिन्हे असतात. संभाव्य ठशांची संख्या ७८ अंकी भरते. त्यामुळे दोन निरनिराळ्या मजकुरांचा ठसा योगायोगाने एकच यावा, हे व्यवहारात अशक्यच मानले जाते.

या ठशाचे दोन गुण ध्यानात ठेवावयाचे. मजकुरावरून ठसा क्षणात काढता येतो, परंतु ठशावरून मजकूर शोधण्याची वाट नाही. तसेच मजकुरात एका अनुस्वाराचा जरी फरक झाला, तरी संपूर्ण ठसा ओळखू न येण्याइतका पालटतो. पायथनमध्ये ‘हॅशलिब’ नावाचा संच मूळ भाषेबरोबरच मिळतो व त्यातून एका ओळीत ठसा निघतो.

मराठीत काम करणाऱ्यास येथे एक खाचखळगा लागतो. संगणकावर ‘कऱ्हाड’ या गावनावातील ‘ऱ’ दोन प्रकारे साठविता येतो : एक, त्या अक्षरासाठी युनिकोडने दिलेला स्वतंत्र क्रमांक वापरून, आणि दुसरा, साधा ‘र’ व त्याखालचा नुक्ता अशी दोन चिन्हे जोडून. डोळ्यांना दोन्ही ‘कऱ्हाड’ सारखेच दिसतात. ठसे मात्र सर्वस्वी भिन्न निघतात. नोंद प्रामाणिक असूनही पडताळणीत ती खोटी ठरावयाची! म्हणून ठसा काढण्यापूर्वी मजकूर एकाच प्रमाणरूपात आणणे अगत्याचे आहे. पायथनमधील ‘युनिकोडडेटा’ या संचात त्याची सोय आहे. इंग्रजी पाठ्यपुस्तकांत ही सूचना क्वचितच आढळते, कारण साध्या रोमन अक्षरांत लिहिणारास तिची गरज भासत नाही.

ब्लॉक म्हणजे वहीचे पान

आता व्यवहाराची नोंद. देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव आणि रक्कम अशा तीन रकान्यांची ही नोंद पायथनमध्ये ‘डिक्शनरी’ या रचनेत ठेवतात. रक्कम नेहमी पूर्णांकातच असावी. संगणकाचे दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत नेमके बसत नाहीत, पायथनला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारली असता उत्तर ०.३ न येता शेपटाला सतराव्या दशांशस्थानी एक चार चिकटून येतो. हिशेबाच्या वहीत असले शेपूट चालत नाही. बिटकॉइनच्या आज्ञावलीतही रक्कम पूर्णांकातच ठेवली जाते. तेथे एका नाण्याचे १० कोटी भाग कल्पिले आहेत.

अशा काही नोंदी एकत्र केल्या की ब्लॉक होतो. ब्लॉकमध्ये पाच रकाने ठेवावेत : अनुक्रमांक, वेळ, नोंदींची यादी, मागील ब्लॉकचा ठसा आणि ‘नॉन्स’ नावाचा एक पूर्णांक, ज्याचे प्रयोजन पुढे येईल. या पाचही रकान्यांचा मजकूर सलग लिहून त्याचा ठसा काढावयाचा व तो सहाव्या रकान्यात ठेवावयाचा. ठसा काढताना हा सहावा रकाना अर्थातच वगळावा लागतो. नवशिक्यांची आज्ञावली पुष्कळदा येथेच अडते. दुसरी दक्षता रकान्यांच्या क्रमाची. तेच रकाने निराळ्या क्रमाने लिहिले गेल्यास ठसा निराळा येतो. यास्तव ‘जेसन’ या संचाकरवी मजकूर तयार करताना रकाने नावांच्या वर्णक्रमाने लावण्याची आज्ञा न विसरता द्यावी.

पहिल्या ब्लॉकच्या मागे कोणीच नसल्यामुळे त्याचा अनुक्रमांक शून्य ठेवून ‘मागील ठसा’ या रकान्यातही शून्यच लिहितात. त्यापुढचा प्रत्येक ब्लॉक आपल्या पूर्वीच्या ब्लॉकचा ठसा आपल्या पोटात बाळगतो. ‘श्री शिल्लक’ पुढे ओढण्याचाच हा प्रकार. फरक इतकाच, की येथे केवळ शिल्लक पुढे जात नाही, तर मागील पानाचे अक्षरन् अक्षर ठशाच्या रूपाने पुढे जाते. कोणाजवळ किती कवड्या आहेत हे मात्र कोठेही लिहून ठेवलेले नसते. आरंभापासूनच्या सर्व नोंदी वाचून, आलेले मिळवून व दिलेले वजा करून ते दरवेळी काढावयाचे असते.

श्रमाचा पुरावा

ब्लॉक तयार करणे इतके सोपे राहिले, तर वाटेल तो क्षणार्धात हजारो ब्लॉक जोडील. त्यास आवर घालण्यासाठी एक अट घालण्यात येते : ब्लॉकचा ठसा चार शून्यांनी सुरू झाला पाहिजे. ठसा कसा यावा हे कोणाच्याच हाती नाही. नॉन्सच्या जागी एक एक आकडा घालीत, नशीब उघडेपर्यंत प्रयत्न करणे एवढाच मार्ग उरतो. आज्ञावलीचा हा भाग मराठीत असा मांडता येईल :

नॉन्स = ०
ठसा = ब्लॉकचा ठसा काढावा
जोवर ठशाची पहिली चार चिन्हे शून्य नाहीत, तोवर :
    नॉन्स = नॉन्स + १
    ठसा = ब्लॉकचा ठसा पुन्हा काढावा
ठसा परत द्यावा

पायथनमध्येही हे जवळजवळ इतक्याच ओळींचे काम आहे. षोडशमान पद्धतीत एका जागी सोळा चिन्हांपैकी कोणतेही येऊ शकत असल्याने चार शून्यांसाठी सरासरीने १६ चा चतुर्थ घात म्हणजे ६५,५३६ प्रयत्न लागतात. पाच शून्यांसाठी १०,४८,५७६, तर सहांसाठी १,६७,७७,२१६. घरगुती संगणकावर पहिले काम साधारणतः एखाद्या सेकंदात आटोपते, शेवटल्यास काही मिनिटे लागतात. शोधणाऱ्यास एवढे सायास. तपासणाऱ्यास मात्र एकदाच ठसा काढून शून्ये मोजली की झाले. या विषम विभागणीतच युक्तीचे सारे मर्म आहे. सिंथिया ड्वॉर्क व मोनी नाओर यांनी १९९२ मध्ये आणि अॅडम बॅक यांनी १९९७ मध्ये संगणकीय टपालातील निरर्थक पत्रांचा भडिमार रोखण्यासाठी अशाच उपायांची शिफारस केली होती.

या खटाटोपास ‘मायनिंग’ अर्थात खाणकाम म्हणण्याचा प्रघात पडला, कारण यशस्वी शोधकास बक्षीस म्हणून नवी नाणी मिळतात. आपल्या खेळात प्रत्येक ब्लॉकमागे १० कवड्या ठेवू. बिटकॉइनमध्ये आरंभी हे बक्षीस ५० नाण्यांचे होते. दर २,१०,००० ब्लॉकांनंतर ते निम्म्यावर येते आणि एप्रिल २०२४ मधील चौथ्या कपातीनंतर ते ३.१२५ नाण्यांवर आले. एकूण नाणी २ कोटी १० लाखांपलीकडे जाणार नाहीत, ही मर्यादा या उतरत्या श्रेणीतूनच निघते. तेथील ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी पडावा, म्हणून दर २,०१६ ब्लॉकांनंतर अटीची काठिण्यपातळी पुन्हा बेतली जाते.

फेरफार करून पाहणे

येथवरची आज्ञावली तयार झाली की खरा अभ्यास सुरू होतो. पडताळणीचे एक छोटे फंक्शन लिहावे. त्याने प्रत्येक ब्लॉकपाशी तीन गोष्टी तपासाव्यात : नोंदलेला ठसा व नव्याने काढलेला ठसा एकच आहे काय, ‘मागील ठसा’ खरोखर मागील ब्लॉकशी जुळतो काय, आणि शून्यांची अट पाळली गेली आहे काय.

समजा, पहिल्या ब्लॉकचे बक्षीस महादूला मिळाले आणि दुसऱ्या ब्लॉकमध्ये त्याने यशोदेस ५ कवड्या दिल्याची नोंद झाली. पुढे तिसरा, चौथा व पाचवा ब्लॉकही जोडला गेला. आता यशोदेच्या मनात खोट आली व तिने ५ च्या जागी ९ केले. पडताळणी तत्काळ दुसऱ्या ब्लॉकपाशी थांबते. मग यशोदा त्या ब्लॉकचा ठसा नव्याने शोधून काढते. आता दुसरा ब्लॉक निर्दोष दिसतो. परंतु तिसऱ्याच्या पोटातील ‘मागील ठसा’ जुनाच असल्याने मेळ तेथे तुटतो. ती तिसरा दुरुस्त करते, चौथा करते, पाचवाही करते. चार ब्लॉक, प्रत्येकी सरासरी ६५,५३६ प्रयत्न, म्हणजे सुमारे २ लाख ६२ हजार. संगणकास हे काम काही सेकंदांचे! त्यानंतर पडताळणी ‘सर्व ठीक’ असा निर्वाळा देते आणि महादूच्या ४ कवड्या जातात.

हा निकाल प्रथमदर्शनी धक्कादायक वाटेल. परंतु या पाठातील सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे. एकाच संगणकावर, एकाच्याच ताब्यात असलेली साखळी कोणाचेही रक्षण करीत नाही. ‘ब्लॉकचेन बदलता येत नाही’ हे सरसकट विधान चुकीचे आहे. ती बदलता येते. मात्र ती बदलण्याचा खर्च किती आणि बदल लपविता येतो की नाही, हे प्रश्न महत्त्वाचे. साखळीच्या प्रती परस्परांशी संबंध नसलेल्या अनेकांजवळ असल्या, सर्वांनी सर्वाधिक श्रम ओतलेलीच साखळी खरी मानण्याचा नियम पाळला आणि त्या साखळीत सतत नवे ब्लॉक पडत राहिले, तर एकट्या यशोदेस सर्वांच्या एकत्रित वेगाच्या पुढे धावावे लागेल. निम्म्याहून अधिक गणनशक्ती एकाच गटाच्या हाती गेली, तर मात्र हा बंदोबस्तही ढासळतो. खेळण्यातील कवडीपुरते एकाच संगणकावर तीनचार प्रती चालवून, त्यांना परस्परांच्या साखळ्या तपासावयास लावून हा भाग पाहता येईल.

दुसरा प्रयोग याहून सोपा आणि कदाचित अधिक बोधक आहे. यशोदा महादूस ‘उणे ५’ कवड्या देते अशी नोंद करून पाहावी. देणाऱ्याची शिल्लक पुरेशी आहे काय, एवढेच आज्ञावली तपासत असेल, तर ही नोंद बिनबोभाट स्वीकारली जाते व महादूच्या ५ कवड्या यशोदेकडे येतात. रक्कम शून्याहून मोठी असलीच पाहिजे, ही एक ओळ राहून गेल्याचा हा परिणाम. हा दोष केवळ खेळण्यापुरता आहे असे समजू नये. १५ ऑगस्ट २०१० रोजी बिटकॉइनच्या आज्ञावलीत रकमांची बेरीज संगणकाच्या धारणमर्यादेबाहेर जाऊन उलटली आणि एका नोंदीत सुमारे १८,४०० कोटी नाणी निर्माण झाली! काही तासांतच दुरुस्त आज्ञावली प्रसृत करण्यात आली व दूषित ब्लॉक टाकून देऊन त्याआधीच्या ब्लॉकपासून साखळी नव्याने वाढविण्यात आली. गणित अभेद्य असले, तरी आज्ञावली लिहिणारी माणसेच असतात.

कवडीत नसलेली स्वाक्षरी

आतापर्यंतच्या रचनेत आणखी एक मोठे भगदाड आहे. महादूच्या नावाने नोंद करणारा महादूच आहे, हे कशावरून? खऱ्या चलनांत यासाठी किल्ल्यांची जोडी असते. खासगी किल्ली मालकाने गुप्त ठेवावयाची, जाहीर किल्ली सर्वांना द्यावयाची. खासगी किल्लीने केलेली अंकीय स्वाक्षरी जाहीर किल्लीने कोणासही तपासता येते. पायथनच्या मूळ संचात ही सोय नाही. त्यासाठी बाहेरचा तयार संच जोडावा लागतो. स्वाक्षरीचे गणित स्वतः लिहिण्याचा मोह टाळावा. खासगी किल्ली हरवली तर ती परत देणारी कोणतीही कचेरी या व्यवस्थेत नाही, हेही येथेच ध्यानात यावे. बँकेचे पासबुक हरवणे आणि ही किल्ली हरवणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

नाण्याचे मोल

सुमारे शंभर ओळींत कवडी तयार झाली. बक्षिसाचा आकडा १० ऐवजी १० लाख करणे हे एका ओळीचे काम आहे. म्हणून ती करणारा लक्षाधीश होत नाही. नाणे घडविणे सोपे. ते घेण्यास दुसरा राजी होणे, हेच कठीण. ‘लवकरच दामदुप्पट’ असे सांगून नाणे विकणारा नेमके हेच झाकीत असतो. ‘वनकॉइन’ नावाचा जो व्यापार २०१४ पासून अनेक देशांत पसरला, त्यात खरी ब्लॉकचेनच नव्हती आणि नाण्याचा भाव चालकच ठरवीत होते, असे अमेरिकेतील खटल्यात पुढे आले. त्याचे एक संस्थापक कार्ल ग्रीनवुड यांना तेथे सप्टेंबर २०२३ मध्ये २० वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. या नाण्याच्या प्रचारसभेवर नवी मुंबई पोलिसांनी एप्रिल २०१७ मध्ये कारवाई करून काही जणांस अटक केली होती. कवडी घडविणाऱ्या अभ्यासकाने अशा सभेत दोनच प्रश्न विचारावेत : साखळीची प्रत कोणासही उतरवून घेता येते काय, आणि तिची पडताळणी स्वतः करता येते काय?

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. अशा व्यवहारांना बँकांनी साहाय्य करू नये, असे रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये काढलेले परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्दबातल ठरविले. २०२२ च्या अर्थसंकल्पाने आभासी अंकीय मालमत्तेच्या हस्तांतरणातील उत्पन्नावर ३० टक्के कराची तरतूद केली. करआकारणी म्हणजे मान्यता नव्हे. ही नाणी भारतात वैध चलन नाहीत. रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ पासून मुंबईसह चार शहरांत सर्वसामान्यांसाठी प्रायोगिक तत्त्वावर सुरू केलेला अंकीय रुपया ही वेगळी गोष्ट असून त्यामागे मध्यवर्ती बँकेची हमी आहे.

नाण्याविना साखळी

ठशाचे तंत्र नाण्याशिवायही उपयोगी पडते. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे २०२२ मध्ये जातीच्या प्रमाणपत्रांच्या पडताळणीसाठी ब्लॉकचेनचा आधार घेण्यात आला. अशा योजनेत प्रमाणपत्राचा ठसा सार्वजनिक साखळीत नोंदविला, की प्रमाणपत्रात नंतर फेरफार झाला आहे की नाही हे दूरच्या महाविद्यालयासही, कचेरीशी पत्रव्यवहार न करता, पडताळता येते. मूळ दाखला देतानाच चूक झाली असेल, तर साखळी ती चूकही तितक्याच निष्ठेने जपून ठेवील, एवढे मात्र विसरता कामा नये.

हजारो दाखल्यांचे ठसे एकेक करून साखळीत घालणे खर्चाचे असते. त्यावर राल्फ मर्कल यांनी १९७९ मध्ये मांडलेली वृक्षरचना कामी येते : दोन दोन ठसे जोडून त्यांचा एक ठसा, अशा दोन ठशांचा पुन्हा एक, असे करीत शेवटी एकच ठसा उरतो व तेवढाच साखळीत नोंदविला जातो. १,०२४ दाखल्यांपैकी एक त्या संचात आहे, हे सिद्ध करण्यास केवळ १० ठसे पुरतात. कवडीच्या ब्लॉकमधील नोंदींची यादी काढून तिच्या जागी हा एकच ठसा बसविणे, हा पायथनच्या अभ्यासकास पुढील आठवड्यापुरता चांगला स्वाध्याय ठरेल. नोंदींची संख्या विषम असल्यास शेवटचा ठसा स्वतःशीच जोडावा, असा बिटकॉइनमधील प्रघात आहे.